कोरांटी म्हणजे कचरा नाही हो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. नवरात्राच्या आधी आमच्या कॉलनीच्या बगिच्यातलं कोरांटीचं कुंपण उपटून टाकलं आणि तिथे कुंड्यांची लाइन लावली, त्याबद्दल लिहितेय. मी धावत गेले तर माळीदादा म्हणाले, "काँटे का झाड़ है काकी, कचरा है." मी म्हटलं अहो ही तर तुमच्या हिंदीतली कटसरैया, पण तोवर अर्धी ओळ गाडीत भरून झाली होती.

काटे आहेत हो, पानांच्या बेचक्यात टोकदार काटे असतात, म्हणून तर कुंपणाला लावायची ना! गाय-बकरी तोंड घालत नाही, उन्हाळ्यात पाणी मागत नाही, आणि पावसाळा सरला की पिवळ्या फुलांनी भरते. फूल जवळून बघा कधी, चार पाकळ्या वर, एक खाली वळलेली, आणि दोन लांब पुंकेसर बाहेर डोकावणारे. संस्कृतातलं कुरंटक ते हेच, वज्रदंतीही म्हणतात, दात ठणकला की आई याचीच पानं चावायला द्यायची. हिच्या प्रजातीत (जीनसमध्ये) जवळजवळ 300 जाती आहेत, बहुतेक आफ्रिकेतल्या, पण ही पिवळी आपल्याकडचीच. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 मध्ये या प्रजातीचं बार्लेरिया हे नाव पक्कं केलं, ते बारेलिए नावाच्या फ्रेंच धर्मगुरूवरून, ते वनस्पतींचे अभ्यासक होते.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते सुरवंटांचं. लेमन पॅन्सी म्हणून तपकिरी फुलपाखरू असतं, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके, ते कोरांटीवर अंडी घालतं, आणि त्या दिवशी उपटलेल्या ढिगात काळे काटेरी सुरवंट पानांवर तसेच चालत होते. मी दोन फांद्या सुरवंटांसकट घरी आणल्या, बाकीचे गेले. आता कुंड्यांमध्ये रंगीत फुलं आहेत, दिसायला छानच आहेत, पण फुलपाखरं येतील ती रस प्यायला, अंडी कुठे घालणार?

इंदूर स्वच्छ आहे याचा मलाही अभिमान आहे, पण झाडणं आणि उपटणं यात फरक आहे की नाही? ज्यांच्याकडे बगिच्याची देखभाल आहे त्यांनी उपटायच्या आधी कॉलनीतल्या चार जुन्या माणसांना विचारावं, एवढंच मागणं आहे, आणि मागच्या भिंतीकडची जागा कोरांटीला परत द्यावी. त्या ढिगातल्या अकरा काड्या मी तेलाच्या जुन्या डब्यांत खोचल्या होत्या, सात जगल्या, त्यातल्या एकीला कालच कळी आलीय. जागा दिलीत तर सातही आणून देते, खड्डे मी करीन.

आपली,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर