अन्नपूर्णेला शिधा द्या, पण निवडून आणि वेगळा बांधून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्गशीर्ष पौर्णिमेला अन्नपूर्णा जयंती. गावात अन्नपूर्णेचं स्वतंत्र देऊळ असो की देवीच्या देवळातली तिची लहानशी पितळी मूर्ती, या दिवसांत आपल्याकडे महाप्रसादाच्या चुली पेटतात आणि आसपासच्या गावांतून माणसं दर्शनाला येतात. आम्ही देवळाची कोठी सांभाळणारे आणि गंजापाशी, म्हणजे मोठ्या पातेल्यापाशी, उभे राहणारे सेवेकरी. भाविकांना आणि मंदिर समित्यांना वेळेवर चार गोष्टी कळाव्यात म्हणून हे पत्र.

आधी ओटीबद्दल. अन्नपूर्णेला धान्य वाहायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण वाहिलेल्या धान्याचं पुढे काय होतं हे बहुतेकांना माहीत नसतं. परातीत कुणी तांदूळ टाकतो, त्यावर कुणी गहू, कुणी मूठभर तूरडाळ. तांदूळ वीस मिनिटांत शिजतो, डाळीला त्याच्या दुप्पट वेळ लागतो आणि गहू तर दळल्याशिवाय कामाचा नाही. एकत्र झालेलं हे धान्य निवडायला माणसं मिळत नाहीत, मग सगळी परात गुराढोरांपुढे जाते. त्यात कुंकू सांडलेलं असलं तर तेही करता येत नाही, कारण बाजारातल्या बऱ्याच कुंकवात खाण्याचा नसलेला रंग असतो. म्हणून तांदूळ, डाळ, कणीक वेगवेगळ्या पिशवीत बांधून आणा. पिशवीवर जिन्नस लिहा, हळद-कुंकू खणावर वाहा. समितीनेही देवीपुढे एक परात न मांडता झाकणाचे तीन डबे मांडावेत. हा बदल फुकटात होतो आणि दिलेला दाणा न् दाणा पंगतीत जातो.

घरच्या कोठीतलं धान्य देताना एक खात्री करा. गव्हात किडीसाठी विषारी गोळ्या ठेवल्या असतील, डाळीला बोरिक पावडर लावली असेल, तर ते देवळात आणू नका. पेरणीतून उरलेलं बियाणं तर मुळीच नको. बीजप्रक्रिया केलेला हरभरा किंवा गहू लालसर-गुलाबी दिसतो; धुतल्यावर रंग फिका होतो, औषध जातंच असं नाही. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही घासला तरी त्यात पाणी, तेल, ताक आणू नये. कापसाच्या पट्ट्यात हे डबे घरोघरी पडलेले असतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

काशीच्या अन्नपूर्णा मंदिरात सतरा दिवसांचं महाव्रत असतं. त्याच्या सांगतेला नव्या धानाच्या लोंब्यांनी देवीचा शृंगार करतात आणि त्याच लोंब्या प्रसाद म्हणून वाटतात. शेतकरी त्या आपल्या बियाण्यात मिसळतात. आपल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतही याच सुमारास धान घरात येतं. नवं धान देवीला दाखवण्याची इच्छा होणं साहजिकच आहे. तेव्हा लोंब्यांची जुडी जरूर वाहा, पण शिध्यात जुना तांदूळ द्या. नवा तांदूळ पाणी कमी घेतो आणि मोठ्या गंजात गिच्च होतो. तळाशी लागतो, वर कच्चा राहतो, आचाऱ्याला काही सुधरत नाही. किमान सहा महिने जुना तांदूळ पंगतीला बरा.

आता प्रमाण. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात आणि पोळी असा साधा बेत धरला, तर शंभर माणसांना तांदूळ ८ किलो, तूरडाळ ४ किलो, कणीक १० किलो, वांगी १० आणि आलू ५ किलो पुरतात. गोड म्हणून शिरा असेल तर रवा ३ किलो, साखर तेवढीच, तूप दीड ते दोन किलो. प्यायचं, स्वयंपाकाचं आणि हात धुवायचं मिळून माणशी पाच लिटर पाणी धरा. वांगी चार फोडी करून, आत अळी नाही हे पाहून मिठाच्या पाण्यात टाकावी, म्हणजे काळी पडत नाहीत. आलू आधी, वांगी नंतर, आणि सांबार (कोथिंबीर) गंज उतरवल्यावर. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात डाळ तासभर उकळूनही टणक राहते आणि मग कुणीतरी मूठभर सोडा टाकतो. त्यापेक्षा डाळ धुऊन तासभर उकळत्या पाण्यात भिजत ठेवावी, शिजवताना हळद-तेल घालावं, मीठ डाळ फुटल्यावर.

माणसं किती येतील हा अंदाज नेहमीच चुकतो. पाचशेचा अंदाज असेल तर पाचशेंची तयारी ठेवा, पण पहिल्या खेपेला तीनशेंचंच चढवा. भाजी चिरलेली, डाळ भिजलेली, कणीक चाळलेली असली की दुसरा गंज तासाभरात तयार होतो. कच्चं उरलं तर तांदूळ-कणीक कोठीत परत जाते, चिरलेली भाजी घरोघरी वाटता येते. शिजलेलं उरलं की उकिरड्यावर जातं. अन्नपूर्णेच्या दारात हे होऊ नये असं मनापासून वाटतं.

सगळ्यात मोठा धोका भाताचा आहे आणि त्याकडे कुणी पाहत नाही. पहाटे पाचला भात शिजवून ताडपत्रीवर ढीग घालतात, वर ओलं कापड टाकतात आणि दुपारी तीनपर्यंत तोच वाढतात. वरून तो गार लागतो, पण ढिगाच्या पोटात कोमटपणा तासन् तास टिकतो. तांदळात असणारे काही जिवाणू बीजाणूच्या रूपात उकळीतूनही वाचतात. कोमट भातात ते पुन्हा वाढतात आणि विष तयार करतात. ते विष भात परत गरम केल्याने जात नाही. म्हणून एका गंजात दहा-बारा किलोंच्या वर तांदूळ नको, आणि दर दोन पंगतींना नवा भात हवा. भाजी आणि वरण मंद आचेवर वाफाळतं ठेवायचं. बोट बुडवता आलं तर ते पुरेसं गरम नाही असं समजावं. कढी किंवा चिंचेचं वरण पितळी गंजात करायचं असेल तर आधी आतून कल्हई पाहा. तांबूस डाग दिसले की तो गंज आंबटाला चालत नाही. कढी हिरवट होते आणि खाणाऱ्याला मळमळ सुटते.

उपासाच्या प्रसादाचा धोका वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात एकादशीच्या भगर-आमटीनंतर दोनशेहून अधिक लोकांना उलट्या-जुलाब झाले. दवाखान्यात जागा पुरली नाही, झाडांना दोर बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. भगरीला ओलावा लागला की बुरशी धरते, आणि दळलेलं पीठ तर फारच लवकर. सुटी, जुनी भगर घेऊ नये. तयार पीठ टाळावं. पाकिटावरची तारीख पाहून अख्खी भगर घ्यावी, निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवावी आणि शिजवल्यावर ताबडतोब वाढावी. फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) आमटीचे दाणेही चावून पाहावेत. खवट, काळपट दाणा बाजूला काढावा.

पाण्याच्या टँकरवर विसंबू नका. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर पुरते. ती थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि तासभर थांबायचं. उघड्या पोत्यातल्या पावडरचा जोर गेलेला असतो, म्हणून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) करून घ्या. पिवळा रंग आला तरच ते पाणी पंगतीला.

वाढणाऱ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो. काशीहून शंभरेक वर्षांपूर्वी चोरीला गेलेली एक अन्नपूर्णेची मूर्ती कॅनडाच्या संग्रहालयात होती. २०२१ मध्ये ती परत आली. ती अन्नपूर्णाच आहे हे ओळखलं गेलं ते एका हातातल्या खिरीच्या वाटीवरून आणि दुसऱ्या हातातल्या पळीवरून. देवी स्वतः वाढते आहे. आपल्याकडे मात्र पंगतीत वाढायला सगळ्यात घाईतली पोरं धाडतात. ती एका फेरीत पत्रावळ भरून मोकळी होतात, आणि टाकलेलं अन्न बहुतांशी या पहिल्या फेरीतलं असतं. पहिल्यांदा अर्धी पळी, लहान मुलाला त्याच्याही अर्धी, आणि मागेल त्याला चार वेळा. थांबून, विचारून. ज्याच्या बोटाला पिकलेली जखम आहे किंवा ज्याचं पोट बिघडलं आहे त्याला त्या दिवशी चपला सांभाळायला बसवावं. दक्षिणेच्या पैशांना हात लावणाऱ्याने पोळी वाढू नये. पत्रावळी पळसाच्याच हव्यात. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी ती अजून दिसतात.

समित्यांनी अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करावी. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डब्यात, तारीख-वेळ लिहून, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवावा. देवळात जीवनजलाची (ओआरएसची) पाकिटं असावीत. एक पाकीट एक लिटर पाण्यात. दोन-तीन जणांना एकदम उलट्या सुरू झाल्या तर पंगत तिथेच थांबवावी, १०८ ला फोन करावा, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं. भीतीपोटी उरलेलं अन्न फेकू नये, डॉक्टरांना तपासायला तेच लागतं.

जयंतीच्या आठ दिवस आधी देवळाच्या फलकावर शिध्यात काय हवं, किती हवं आणि कोणत्या वेळेपर्यंत हवं ते लिहावं. शिधा आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आला तर निवडायला रात्र मिळते. सकाळी आरतीच्या वेळी आलेलं धान्य त्या दिवशी शिजवू नये, पुढच्या पौर्णिमेसाठी ठेवावं.

आपले,
महाप्रसादाच्या स्वयंपाकाचे सेवेकरी,
यवतमाळ जिल्हा