आईचा रिपोर्ट आणि पुण्याला यायचं

तीर्थरूप आई आणि बाबा,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "बघू गं" म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहिते आहे.

आईची अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडी (आपल्याच शरीरावर उलटणारं प्रथिन) पॉझिटिव्ह आली. तिचा आजार एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) नाही, एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) आहे; दोन्हीत शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जासंस्थेवर उलटते. अशाच आणखी एका आजाराच्या, मॉगच्या अँटिबॉडीची तपासणीही सोबत केली होती, ती निगेटिव्ह आहे. एमएस काय, एनएमओ काय, दोन्हीत नजर जाते, पाय बधिर होतात. आधी एमएस वाटलं यात नवल नाही. ही अँटिबॉडी सापडलीच मुळी २००४ मध्ये. पण एमएसचे डाग मज्जारज्जूत सहसा छोटे असतात, आईची सूज सलग तीन मणक्यांहून लांब आहे. शिवाय गणपतीतली ती उचकी! दिवसचे दिवस थांबेना, घोटभर पाणी टिकेना. सगळे पित्त म्हणाले. मेंदूच्या तळाशी उलटीचं केंद्र असतं, तिथे एनएमओची सूज आली की असंच होतं.

नावाचा एवढा घोळ का घालते, तर एमएसची इंटरफेरॉनची इंजेक्शनं एनएमओ वाढवू शकतात. डॉक्टरांनी ती बंद केलीत. आता रिटुक्सिमॅब, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध, सलाइनमधून द्यायचं. एनएमओत प्रत्येक अटॅक काहीतरी कायमचं घेऊन जाऊ शकतो, म्हणून पुढचा येऊच द्यायचा नाही. त्या सलाइनसाठी मी इथे पुण्यात तारीख घेतली आहे, तुम्हाला न विचारता. रागावू नका. तिकडे आईचे हाल झाले असं मुळीच म्हणत नाही; बाबा, तुम्ही केलंत तेवढं कोणी केलं नसतं.

इथे लिफ्ट आहे. कमोडशेजारी धरायला दांडा बसवून घेतलाय. आईची खोली पूर्वेची, खिडकीत तुळस ठेवलीय. बाबांचा पेपर सहालाच येतो.

आई, माझ्या टायफॉइडात तू रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलायचीस. मी डोळे उघडले की "आहे गं मी" म्हणायचीस. आता मी आहे गं.

आणि हे ऐकायचंच. स्टेरॉइडच्या गोळ्या नाश्त्यानंतरच, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. साखर तपासायची. बी प्रकारच्या काविळीच्या आणि टीबीच्या तपासण्या या आठवड्यात उरका, त्याशिवाय सलाइन लागणार नाही. काढा नको, निदान मी डॉक्टरांना विचारेपर्यंत. डोळ्यापुढे धूसर झालं, पाय जड झाला, लघवी अडली किंवा उचकी लागली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. जुन्या एमआरआयच्या फिल्म पलंगाखालच्या पिशवीत आहेत, त्या विसरू नका.

तुमची,
छकुली