विषय: अपडेटनंतर टीव्ही संगणकाच्या चित्राच्या चारही कडा कापत असल्याबाबत

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या मदत क्रमांकावरचा चौथा फोन आत्ताच ठेवून हे पत्र लिहीत आहे. माझा संगणक टीव्हीला एचडीएमआय केबलने, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या केबलने, जोडलेला आहे. एचडीएमआय म्हणजे काय हे निदान आपल्याला याहून अधिक समजावून सांगावे लागणार नाही, असे मी गृहीत धरतो.

गेल्या आठवड्यात टीव्हीने रातोरात, मला न विचारता, स्वतःचे सॉफ्टवेअर अपडेट केले. तोवर चित्राच्या आकाराच्या यादीतला न कापता पूर्ण चित्र दाखवणारा पर्याय निवडला की संगणकावरचा चित्रपट कडेपासून कडेपर्यंत दिसत असे. आता तो पर्याय यादीत आहे, पण करडा, आणि रिमोट कितीही दाबला तरी निवडला जात नाही. संगणक १९२० × १०८० पिक्सेलचे चित्र पाठवतो, पडद्यावरही तेवढेच पिक्सेल आहेत, तरी टीव्ही दोन्ही बाजूंचे ४८-४८ आणि वरखालचे २७-२७ पिक्सेल कापून उरलेले चित्र ताणून पडदाभर करतो. (हा अंदाज नव्हे, मोजपट्टीसारख्या रेघा आखलेले चित्र लावून मी ते मोजले आहे.) त्यामुळे अक्षरे धूसर होतात, टास्कबारवरच्या घड्याळाचा फक्त वरचा भाग दिसतो आणि मराठी सबटायटलच्या खालच्या ओळीचे उकार कापले जाऊन ‘सुख’चे ‘सख’ होते. पिक्चर ट्यूबच्या काळात कडा वेड्यावाकड्या येत म्हणून त्या झाकाव्या लागत. सपाट पडद्याला तशी गरज नाही, हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक होते म्हणूनच तर त्यांनी तो पर्याय दिला होता.

आजच्या प्रतिनिधीने आधी टीव्ही बंद करून चालू करायला लावला. मग विचारले, “सर, सेट टॉप बॉक्सवर चित्र दिसतं ना?” दिसते, म्हणालो. “मग प्रॉब्लेम तुमच्या कॉम्प्युटरचा आहे.” तोच संगणक त्याच केबलने मॉनिटरला जोडला की चारही कडा दिसतात, हे मी सांगितल्यावर सहा मिनिटे संगीत ऐकवण्यात आले आणि त्यानंतर उत्तर आले: “सर, टीव्ही हा टीव्ही बघायला असतो. त्याला कॉम्प्युटर लावताच कशाला?” मी त्यांना आपलीच माहितीपुस्तिका उघडायला लावली. तिथे जोडणीच्या आकृतीत टीव्हीशेजारी संगणक काढलेला आहे. ते म्हणाले, “ते फक्त चित्र आहे, सर.” पुस्तिकेतले चित्र मात्र कडेला कुठेही कापलेले नाही, याबद्दल मी आपला आभारी आहे.

त्याआधीच्या प्रतिनिधीने संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रच आक्रसून घ्या, असे सुचवले होते. म्हणजे संगणकाने चित्र लहान करायचे आणि टीव्हीने ते पुन्हा ताणायचे. रोगापेक्षा इलाज भयंकर. मी पुन्हा सांगतो: हा पर्याय होता, तो चालत होता आणि आपल्या अपडेटने तो बंद केला.

माझी मागणी एवढीच आहे की नव्या अपडेटने तो पर्याय पूर्ववत करावा किंवा जुने सॉफ्टवेअर परत बसवून द्यावे, आणि यांपैकी काय व केव्हा करणार ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे. अन्यथा संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तेही न झाल्यास मी कायदेशीर मार्ग धरीन. आपल्याच कंपनीचा आधीचा टीव्ही आमच्या घरी चौदा वर्षे बिनतक्रार चालला, म्हणून दुसऱ्या कुठल्या कंपनीचा पाहिलाही नव्हता.

तूर्त मी आपोआप अपडेट होण्याची सोय बंद केली आहे. ती बंद करण्याचा पर्याय अजून करडा झालेला नाही.

आपला ग्राहक
(प्रत्येक फोनला नवा तक्रार क्रमांक मिळाल्याने चारही सोबत जोडले आहेत.)