अँटेनाखालची गळती शोधून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. पिकअपच्या कॅबिनमध्ये पाणी शिरतंय म्हणून आणखी कोणी वैतागलं असेल, तर तुम्ही नेमकं काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

पाऊस थांबला तरी ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलंच राहायचं. गॅरेजवाल्याने पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन फिरवून दिलं होतं, फरक शून्य. तुम्ही आधी वर पाहिलंत. सन व्हायझरजवळ छताच्या अस्तरावर चहाचा डाग पडावा तसं पिवळट वर्तुळ होतं. त्यावर बोट ठेवून म्हणालात, "पाणी दिसतंय खाली, पण शिरतंय वरून कुठून तरी. आधी शोधू."

शोधायची तुमची रीत मला फार आवडली. पाइपला नोझल लावू दिलं नाहीत. जोराचा फवारा चांगल्या रबरातूनही आत घुसतो आणि नसलेली गळती दाखवतो, हे तुमचं म्हणणं. साधी धार, तीही खालून वर: आधी काचेची खालची कड, मग बाजू, मग दरवाजाची रबरं, सगळ्यात शेवटी टप. वरून सुरुवात केली असती तर ओघळ सगळीकडेच गेले असते आणि काहीच कळलं नसतं.

त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ थांबायला लावलंत, कारण अस्तराच्या कडेने पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. घाईत लोक नेमकं हेच विसरतात. मग दिवा, व्हायझर, हँडल काढून अस्तर पुढच्या बाजूने जरासंच खाली घेतलं. मी आत टॉर्च धरून बसलो होतो. धार अँटेनावर आली आणि थोड्या वेळाने नटाच्या कडेला पाण्याचा एक थेंब फुगला, केबलवर उतरला आणि केबल धरूनच काचेशेजारच्या खांबाकडे घरंगळत गेला. तिथून खाली कार्पेटपर्यंतची वाट वेगळी सांगायची गरजच उरली नाही. रेडिओ पावसात का खरखरायचा, तेही तेव्हाच उमगलं. केबलच्या जोडावर हिरवट थर चढला होता.

अँटेनाचा तळ काढला तर खालचं रबर उन्हाने पार वाळलेलं. नख रुतेना, एका बाजूला उभी चीर. भोकाच्या कडेने तांबूस गंज. बाहेरून सीलंट थापून मोकळं होणं सोपं होतं, पण मग गंज आतल्या आत पत्रा खात राहिला असता. तुम्ही तो पॉलिश पेपरने घासून काढलात, प्रायमर आणि रंग लावलात. पण तळाचे दात पत्र्याला आतून जिथे पकडतात तेवढी जागा मुद्दाम कोरी ठेवलीत, अँटेनाचं अर्थिंग तिथूनच मिळतं म्हणून. सिलिकॉनही आंबट वासाचं नको म्हणालात. ते सुकताना ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. न्यूट्रल सिलिकॉनची बारीक रेघ पुरली, कारण खरं काम नव्या रबराचंच होतं.

नट आवळताना मला वरून तळ घट्ट धरायला लावलात, नाहीतर रबर पिळवटतं. आणि जास्त जोरही नको, रबर चेपून बाहेर येतं. नंतर 24 तास गाडीला पाणी लागू द्यायचं नाही, एवढी ताकीद.

एक गोष्ट मात्र मला खरंच सुचली नसती. कार्पेट वरून कोरडं लागत होतं, तुम्ही ते उचलून खालचा फोम दाबलात तर पाणी ओघळलं. तो फोम बाहेर काढून वाळवला, तेव्हा कुठे कॅबिनचा कुबट वास गेला.

त्यानंतर धो धो पाऊस झाला. अस्तर कोरडं, केबल कोरडी, रेडिओ स्वच्छ. मागच्या ब्रेक लाइटचं रबर बघायला सांगितलं होतंत, तेही तपासलं, अजून मऊ आहे. तुमचा सॉकेटचा डबा माझ्याकडेच राहिलाय. रविवारी घेऊन येतो, आणि या वेळी विषय बदलू देणार नाही.

तुमचा,
पिकअपवाला शेजारी