वाडीतल्या काकांची ट्रीटमेंट अर्धवट राहू नये म्हणून मदतीचं आवाहन

नमस्कार मंडळी, गावकरी आणि मुंबईकर चाकरमानी सगळ्यांना ग्रामस्थ मंडळातर्फे कळकळीची विनंती.

खालच्या वाडीतले काका लावणी आटपल्यावर तापाने पडले ते अजून उठलेले नाहीत. आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) वाटला, पावसाळ्यात आपल्याकडे तोच पहिला डोक्यात येतो, मग मांडी सुजली, पाय टेकवेना, टीबीचीही शंका आली, शेवटी गोव्याला नेलं तिथे ब्लड कल्चरमध्ये (रक्तातला जंतू वाढवून बघायची टेस्ट) कळलं की मेलिओइडोसिस आहे. बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय नावाचा बॅक्टेरिया रक्तात पसरून मांडीच्या हाडात गेलाय. हा जंतू मातीत आणि भाताच्या कुणग्यांच्या (खाचरांच्या) चिखलात असतो, पायाच्या जखमेतून शिरतो आणि शुगरवाल्यांना जास्त गाठतो. काकांना शुगर आहे आणि टाचा कायम फुटलेल्या.

काही जण त्यांच्या घरी जायला घाबरतायत असं कानावर आलं. अहो, एकाचा दुसऱ्याला होणं अगदी क्वचित, काकींना एकटं पाडू नका.

आता मुख्य मुद्दा. हाड धरल्यामुळे मेरोपेनेमची इंजेक्शनं निदान ६ आठवडे, दर ८ तासांनी शिरेतून द्यावी लागतात, हाडातला पू काढायला ऑपरेशनही झालंय, सगळ्यात मोठा खर्च हाच. पण इंजेक्शनं संपली म्हणजे झालं असं नाही, पुढे ६ महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या आहेत. गोळ्या स्वस्त आहेत, पण मध्ये मध्ये रक्ताच्या, किडनीच्या टेस्ट आणि गाडीभाडं चालूच राहणार. ताप गेला म्हणून मध्येच औषध सोडलं तर आजार उलटतो आणि तेव्हा जीवावर बेतू शकतं. म्हणून एकदाच मोठी रक्कम देणं जमत नसेल तर दर महिन्याला थोडे द्या, आम्हाला ते जास्त उपयोगी आहे.

पैसे मंडळाच्या ऑफिसात देऊन पावती घ्या, मुंबईकरांनी आपल्या मुंबई कमिटीकडे द्यावेत. औषधांची बिलं ऑफिसात लावलीत, कोणीही येऊन बघा.

पैशाशिवायही काम आहे. हॉस्पिटलात रात्री थांबायला आलटून पालटून माणसं हवीत, काकी किती रात्री जागणार. गुरांचं शेजारी बघतायत पण कापणीला हात लागतील, तरुण पोरांनी नावं द्या. आणि कोणाला गमबूट देता आले तर तेही द्या, शुगर असलेल्या शेतकऱ्यांना आधी वाटू, कापणीलाही शेतात ओल असतेच.