उपवासाच्या रेसिपी छापता, तसं गोळ्यांचंही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की तुमच्या पुरवणीत उपवासाचे पदार्थ येतात, आम्ही ते घरी करूनही बघतो, पण शुगरची गोळी चालू असलेल्याने उपवासाच्या दिवशी त्या गोळीचं काय करायचं हे काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र. माझं मेडिकल आहे, मी स्वतः फार्मासिस्ट आहे, दिवसभर काउंटरलाच असते, त्यामुळे दर एकादशी-चतुर्थीला जे समोर येतं तेच लिहितेय.

आषाढीला आमचे नेहमीचे एक काका दुपारी दुकानात आले, शर्ट घामाने चिंब, हात थरथरतायत आणि मला भलत्याच नावाने हाक मारतायत. मशीनवर शुगर बघितली तर ४८. सकाळी रोजच्यासारखी ग्लिमेपिराइड घेतलेली, त्यावर नुसता चहा, आणि खिचडी खाणार होते देवळातून आल्यावर. ग्लुकोज पाण्यात घालून दिलं तर नको म्हणाले, उपवास मोडेल. अहो काका, साखर चालते की उपवासाला, असं म्हटलं तेव्हा कुठे प्यायले आणि थोड्या वेळाने भानावर आले. हेच गाडी चालवताना झालं असतं म्हणजे?

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ह्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा नाहीतर नसा. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तसंच. एकटी मेटफॉर्मिन असेल तर हा धोका बराच कमी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या गोळ्यांवर कडक उपवास केला तर अंगातलं पाणी कमी होऊन रक्तात किटोन नावाची आम्लं वाढू शकतात, आणि शुगर फारशी वाढलेली नसतानाही हे होतं त्यामुळे लवकर लक्षातच येत नाही.

दुसरे लोक बरोब्बर उलटं करतात. आज जेवण नाही म्हणून गोळीच नाही, आणि मग दिवसभर साबुदाणा वडा, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा प्रोटीन नाही, दाण्याच्या कुटाने जरा सावरतं तेवढंच. संध्याकाळी शुगर साडेतीनशे आणि मला विचारतात, उपवास केला तरी वाढली कशी.

रोजाच्या बाबतीत हे काम खूप पुढे गेलंय. इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशनची रमजानसाठी सविस्तर गाइडलाइन आहे, कोणाला धोका किती ते आधी ठरवायचं, डोस सहेरी-इफ्तारप्रमाणे बदलायचे, आणि शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा सोडायचा. माझ्याकडचे काही मुस्लिम पेशंट महिनाभर आधीच डॉक्टरांना विचारून येतात. आपले उपवास वर्षभर येतजात असतात म्हणून कोणी विचारत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही विचारत नाहीत, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

तरुण मंडळी सोळा तास उपाशी राहून उरलेल्या आठ तासांत खायचं इंटरमिटंट फास्टिंग करतात, कोणी दीक्षित डाएट. वजन उतरलेले लोक मी बघितलेत, नाकारत नाही. पण २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ लठ्ठ लोकांचा वर्षभराचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला, त्यात दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या होत्या आणि ठरलेल्या आठ तासांतच खाणाऱ्यांचं वजन काही खास जास्त उतरलं नाही. म्हणजे फरक पडतो तो मुख्यतः कमी खाल्ल्याने. आणि उपवासाला नोबेल मिळालं म्हणून जो मेसेज फिरतो, ते २०१६ चं नोबेल जपानी शास्त्रज्ञ ओसुमी यांच्या यीस्टच्या पेशींवरच्या कामाला होतं, माणसाच्या डाएटला नाही.

हरतालिका तोंडावर आहे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी, बीपीसाठी लघवीची गोळी घेणारी, ह्यांनी निर्जळ करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हे घरातल्या सासूबाईंनी स्वतःहून म्हणावं, कारण सुनेला म्हणता येत नाही. राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे हे सरकारी सर्व्हेतच आलंय.

पुढे नवरात्र, म्हणजे भगर. २०२४ च्या फेब्रुवारीत लोणार तालुक्यात सप्ताहाच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली, झाडांना दोऱ्या बांधून रस्त्यावर सलाईन लावावी लागली, तो प्रसाद भगर-आमटीचाच होता. भगरीला दमटपणात बुरशी धरते, पीठ तर फार लवकर खराब होतं. सुटं पीठ आणू नका, पॅकबंद भगर घ्या, निवडून धुवून लागेल तेवढीच घरी दळा.

माझी विनंती एवढीच की घटस्थापनेच्या आधी एखाद्या डायबिटीसच्या डॉक्टरांकडून अर्धं पान लिहून घ्या, कोणती गोळी कमी करायची, कोणती त्या दिवशी थांबवायची, कोणी उपवासच करू नये. रेसिपीच्या शेजारीच छापा, ते पान लोक कापून ठेवतात. मी त्याच्या झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवीन.

आपली,
एक फार्मासिस्ट वाचक, सांगली