यंत्रासोबत ‘मिब’ फाइलही ताब्यात घ्या

महोदय,

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या महाविद्यालयांनी, पतसंस्थांनी, बाजार समित्यांनी नेटवर्कचा स्विच (संगणक एकमेकांना जोडणारे यंत्र) किंवा यूपीएस घेताना निविदेत नुसते ‘एसएनएमपीची सोय हवी’ लिहून भागत नाही.

एसएनएमपी म्हणजे अशा यंत्रांची स्थिती नेटवर्कवरून दूर बसून वाचण्याची ठरलेली पद्धत. तिच्यात यंत्रातल्या प्रत्येक नोंदीला आकड्यांचा पत्ता असतो, तो ओआयडी. सातबाऱ्यावर जिल्हा, तालुका, गाव, गट, पोटहिस्सा असे उतरत जावे, तसाच. १.३.६.१.२.१ ही सर्व कंपन्यांची सामायिक शाखा. तिच्यापुढे १.३.० म्हणजे यंत्रणा सुरू होऊन किती वेळ झाला, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागात. शेवटचे शून्य लिहायचे राहिले की उत्तर येत नाही आणि बिचाऱ्या केबलवर खापर फुटते. १.३.६.१.४.१ खाली कंपन्यांचे खासगी गट: सिस्कोचा ९, मायक्रोटिकचा १४९८८. त्या गटात कुठे काय आहे, ते कंपनीची मिब फाइल सांगते. ती नसेल तर पडद्यावर ४७ दिसतात. ते तापमान की बॅटरीची उरलेली मिनिटे, कोण सांगणार?

यूपीएसला सामायिक शाखेत ३३ क्रमांक आहे. ३३.१.२.३.० वर बॅटरी किती मिनिटे पुरेल, ३३.१.२.७.० वर तिचे तापमान. भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हा दुसरा आकडा आधी बघावा. मात्र काही यूपीएस हे फक्त खासगी गटातच देतात. म्हणून पुन्हा मिब.

पोर्टवरच्या वाहतुकीचा जुना काउंटर ३२ बिटांचा. एक गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर तो सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी वाचला तर आलेख साफ खोटा. ६४ बिटांचा काउंटर घ्यावा. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत तो मिळत नाही. स्विच रीस्टार्ट झाल्यावर पोर्टचे क्रमांक बदलू शकतात, तेव्हा नोंद पोर्टच्या नावाने ठेवावी.

‘पब्लिक’ हा आयता परवलीचा शब्द तसाच ठेवणे म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवणे. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत तो उघडाच जातो. तिसरी आवृत्ती, तीही एन्क्रिप्शन चालू करून घ्यावी.

बिल मंजूर करण्यापूर्वी सामायिक शाखेतल्या १.६.० वरची जागेची नोंदही तपासावी. तिथे ‘सर्व्हर रूम’ नको. इमारत, मजला, रॅक हवे.

– नेटवर्क देखभाल करणारे काही तंत्रज्ञ, जळगाव